आवाज घुमतोय की आत येतोय, आधी ते ठरवा

नमस्कार मंडळी. आवाजाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास फोमचा येतो, शेजारचा टीव्ही ऐकू येतो, भिंतीला फोम चिकटवू का? तर नको, त्याने टीव्ही थांबणार नाही, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात म्हणून मी आज याच्यावरच बोलणारे. खोलीतला आवाज खोलीतच घुमणं हा एक त्रास आणि बाहेरचा आत येणं हा वेगळाच त्रास. घुमणारा आवाज शोषायला मऊ, सच्छिद्र, जाड काहीतरी लागतं. बाहेरून येणारा अडवायला वजन लागतं आणि फट असून चालत नाही. फोममधून हवा आरपार जाते, मग आवाजही जाणारच ना.

घुमण्याचं आधी बघू. 1895 साली हार्वर्डमधल्या फॉग म्युझियमचं लेक्चर हॉल नवंकोरं होतं, पण वक्ता काय बोलतोय तेच कळेना, एक शब्द साधारण साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर पुढची दोन वाक्यं त्याच्यावर येऊन आदळायची. हे काम आलं वॉलेस सबिन या तरुण फिजिक्सच्या शिक्षकाकडे. हा माणूस रात्री सगळं शांत झालं की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या सीटच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनचा पाइप वाजवून बंद करायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचा, मग अजून गाद्या, परत मोजणी. मला हे फार आवडतं, कारण हातात जवळपास काही नसताना त्याने यातून आजही वापरात असलेलं सूत्र काढलं: खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग शोषतो तो, आणि या सगळ्यांची बेरीज. मापं मीटरमध्ये घ्या. उत्तर येतं ते आवाज 60 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) उतरायला लागणारे सेकंद.

करून बघा. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच अशी रिकामी खोली, प्लॅस्टर आणि टाइल्स, पृष्ठभाग पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग शोषतात असं धरलं तर उत्तर 3.4 सेकंदांच्या आसपास येतं. त्यात 80 टक्के शोषणारे जाड पॅनल 15 चौरस मीटर लावा, थेट 0.7 च्या खाली! अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात लहान वर्गाला 0.6 ची मर्यादा आहे, आणि ती मला अगदी योग्य वाटते, कारण मोठा माणूस हुकलेला शब्द अंदाजाने भरून काढतो, भाषा अजून शिकत असलेल्या पोराला ते जमत नाही, त्याचा तो धडाच जातो. शाळा बांधताना छताचा विचार आधी करा हो, नंतर कोणी करत नाही.

एक मात्र, पॅनल पातळ असेल तर फक्त वरच्या पट्टीचा आवाज मरतो. 100 हर्ट्झच्या बेसची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाची, एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर फोम जाणवतही नाही. मग खोली कोंदट वाटते आणि बेस तसाच घुमत राहतो. जाडी वाढवा, पॅनल भिंतीपासून थोडं पुढे घ्या, कोपरे भरा.

आता बाहेरून येणारा आवाज. दोन मीटर उंच, 90 सेंटीमीटर रुंद दार घ्या, खाली एक सेंटीमीटरची फट. म्हणजे दाराचा फक्त अर्धा टक्का उघडा. पण तेवढ्याने ते दार फार तर 23 डेसिबल अडवू शकतं, मग लाकडी असो की पोलादी, फरक पडत नाही. म्हणून भारी दार घ्यायच्या आधी रबरी पट्टी लावा, खिडकीच्या चौकटीच्या फटी भरा, वायरिंगसाठी पाडलेली भोकं बुजवा. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी साधारण 6 डेसिबलच मिळतात, त्यामुळे नुसती भिंत जाड करत बसणं महाग पडतं, मध्ये पोकळी ठेवून दोन हलक्या भिंती उभ्या केल्या तर कमी वजनात जास्त मिळतं.

वरच्या मजल्यावरची पावलं हा प्रकार अजून वेगळा, तिथे धक्का थेट स्लॅबमध्ये शिरतो. तुमच्या छतावर काय वाट्टेल ते लावलंत तरी तो भिंतींमधून खाली येतोच, त्यामुळे वर राहणाऱ्यांशी गोडीत बोलून त्यांच्याकडे जाड गालिचा पडला तर सगळ्यात स्वस्तात काम होतं.