औषध दोघांनी घ्यायचं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईची संध्याकाळ साडेपाचला सुरू व्हायची. दिवसभर खिडकीपाशी शांत बसलेली आई तिन्हीसांजा झाल्या की उठायची, कापडी पिशवीत टॉवेल, चष्म्याचं रिकामं घर, हाताला लागेल ते भरायची आणि म्हणायची, "मला घरी जायचंय." ज्या घरात चाळीस वर्षं संसार केला त्याच घराच्या उंबऱ्यावर उभी राहून. अडवलं की संतापायची. एकदा तिनं माझा हात चावला.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, म्हटलं की आपल्याला विसराळूपणा आठवतो. पण विसरण्याशी घरची माणसं कशीबशी जुळवून घेतात हो. ती मोडून पडतात ती संशयानं, भासांनी, रात्रीच्या आरडाओरड्यानं. आईला झोपेसाठी आणि रागासाठी गोळी सुरू झाली तेव्हा घर शांत झालं खरं, पण आईची मान सतत खाली, चालताना झोक जायचा, ओठांच्या कडेनं लाळ. तशा प्रकारच्या, म्हणजे भासविरोधी (अँटीसायकोटिक) गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच कडक इशारा दिला होता: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना या गोळ्या दिल्या, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे 1.6 ते 1.7 पट होतं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मी शोधत राहिले, की जगात कुठे याहून सौम्य काही वापरतात का. त्या शोधात भेटलेल्या एका जपानी औषधाविषयी आज बोलणार आहे. आईला ते आम्ही दिलं नव्हतं, आणि मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगते.

त्याचं नाव योकुकानसान. 'योकु' म्हणजे आवर घालणं, 'कान' म्हणजे यकृत, 'सान' म्हणजे चूर्ण. यकृताला आवर घालणारं चूर्ण. रागाचा आणि यकृताचा काय संबंध, असं वाटेल. पण एखाद्यावर आपण भडकलो की मराठीत आपलं पित्तच खवळतं ना? चीन-जपानच्या जुन्या वैद्यकात रागाचं घर यकृतात मानलं आहे, आणि ते तापलं की माणूस चिडतो, थरथरतो, त्याला झोप लागत नाही.

हे औषध मुळात म्हाताऱ्यांसाठी नव्हतंच. 16व्या शतकात, मिंग राजवटीतल्या चीनमध्ये, बालरोगांवरच्या एका ग्रंथात ते आलं. रात्री किंचाळून रडणाऱ्या, झटके येणाऱ्या, दात खाणाऱ्या लेकरांसाठी. सात वनस्पती आहेत त्यात. आपल्या ओळखीचा त्यातला एकच, ज्येष्ठमध. बाकीच्यांत एका वेलीचे आकडे असतात. ही वेल झाडावर चढते ती गळासारख्या वाकड्या काट्यांच्या आधारानं, आणि औषधात तेच काटे वापरतात. जपानीत त्यांना चोतोको म्हणतात. त्या चित्रलिपीत मासे धरण्याचा गळ आहे, वेल आहे आणि आकडा आहे. आजच्या प्रयोगशाळांनी याच आकड्यांतून गाइसोशिझिन मिथाइल ईथर नावाचं द्रव्य वेगळं काढलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मेंदूपर्यंत पोचतं आणि मन शांत ठेवणाऱ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे जोडलं जातं त्या जागेवर, काम करतं, असं दिसलं आहे.

पण मला थांबवलं ते त्या जुन्या ग्रंथातल्या एका सूचनेनं. औषध आई आणि मूल, दोघांनी घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे. दोघांनी! रडतं मूल आणि त्याला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरणारी आई, यांतल्या एकाचाच आजार बरा करता येणार नाही, हे त्या वैद्यांनी ओळखलं होतं. आजही जपानमधले काही डॉक्टर ही सूचना आठवून, रुग्णासोबत त्याची सेवा करणाऱ्या मुलीच्या किंवा नवऱ्याच्या चिडचिडीकडे, झोपेकडे पाहतात, आणि गरज वाटली तर त्यांनाही हेच औषध देतात.

जपानमधल्या या वैद्यकाला कांपो म्हणतात. चीनमधून आलं, पण जपानी वैद्यांनी ते आपल्या हातानं घडवलं. पोटाला हात लावून तपासण्याची फुकुशिन नावाची पद्धत त्यांनी फार बारकाईनं वाढवली. पोट ताठ आहे का, बेंबीच्या डावीकडे ठोके जाणवतात का, यावरून औषध ठरवायचं. पुढे मेजी काळात, म्हणजे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, सरकारनं पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा दिल्याशिवाय डॉक्टर होता येणार नाही असं ठरवलं, आणि कांपो वैद्यांना वेगळा परवाना देण्याची मागणी 1895 मध्ये संसदेनं फेटाळली. वाटलं होतं, हे शास्त्र आता संपलं. झालं वेगळंच. आपल्याकडे आयुर्वेदाची पदवी वेगळी आणि एमबीबीएस वेगळी. तिथे कांपो लिहून देतो तो आधुनिक वैद्यकाचाच डॉक्टर. 1976 मध्ये ही औषधं मोठ्या प्रमाणावर राष्ट्रीय आरोग्य विम्यात आली, आणि आज अशी 148 औषधं विम्यातून मिळतात. काढा उकळत बसावं लागत नाही. पुडीतले दाणे गरम पाण्यात घालून जेवणाआधी घ्यायचे. एकाच चिठ्ठीवर बी.पी.ची गोळी आणि कांपोची पुडी. रुग्ण काय काय घेतो आहे ते एकाच डोळ्याखाली राहतं, याचा मला खरोखर हेवा वाटतो.

आता उपयोग होतो का, ते सांगते. 2005 मध्ये, म्हणजे तो अमेरिकी इशारा आला त्याच वर्षी, जपानी संशोधकांनी डिमेन्शियाच्या 52 रुग्णांवर चार आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योकुकानसान घेणाऱ्यांचे भास, चिडचिड, आक्रमकपणा कमी झाला आणि रोजची कामंही थोडी बरी जमू लागली. स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नाही. या अभ्यासानंतर औषध जपानभर वापरात आलं. लेवी बॉडी डिमेन्शिया नावाचा एक प्रकार आहे. केन्जी कोसाका या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन 1976 मध्ये केलं. त्यात रुग्णांना खोलीत माणसं, प्राणी दिसतात, आणि नेहमीच्या भासविरोधी गोळ्या त्यांच्यातल्या अनेकांना सोसत नाहीत, शरीर लाकडासारखं होतं. अशा घरांना ही पुडी मोठा आधार वाटली.

मग 2017 मध्ये अल्झायमरच्या 145 रुग्णांवरचा, अधिक काटेकोर अभ्यास आला. त्यात अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पुडी. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण सांगायचं तर दोन्ही सांगायला हवं.

धोकाही सांगायला हवा, आणि तो आपल्या ओळखीच्या ज्येष्ठमधातच आहे. ज्येष्ठमध दिवसेंदिवस पोटात गेलं तर काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरतं, बी.पी. चढतं, पायावर सूज येते, हातापायातली शक्ती जाते. लघवी होण्याची गोळी चालू असलेल्या वृद्धांना तर जास्तच. त्यामुळे तिथले डॉक्टर अधूनमधून रक्त तपासतात. इंटरनेटवरून पुडी मागवून आजोबांना द्यावी, असं औषध हे नाही.

आणखी एका औषधाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कानबाकुताइसोतो. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकातून आलेलं. विनाकारण रडू कोसळणाऱ्या, सारख्या जांभया देणाऱ्या, जणू अंगात काही संचारलं आहे अशा वागणाऱ्या स्त्रियांसाठी ते सांगितलं आहे. आणि त्यात काय, तर गहू, बोरं आणि ज्येष्ठमध. बोरं म्हणजे आपल्या बोरांच्या जातीतलीच, वाळवलेली. आपल्याकडे अशा बाईला मांत्रिकाकडे नेलं असतं, अजूनही नेतात. तिथे कुणीतरी तिच्यासाठी गहू आणि बोरं उकळत ठेवली होती.

जपाननं 2004 मध्ये आणखी एक गोष्ट केली. डिमेन्शियाला तिथे 'चिहो' म्हणत. त्या शब्दातली दोन्ही अक्षरं मूर्खपणाची. सरकारनं तो शब्द बदलून 'निन्चिशो' केला, जाणिवेशी संबंधित आजार असा काहीसा त्याचा अर्थ. आमच्या शेजारी आईला "म्हातारी चळली" म्हणायचे, आणि मी काही बोलत नसे.

आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिच्या आजाराची चार वर्षं आम्ही दर दीड-दोन महिन्यांनी दवाखान्यात जायचो. तिची झोप, तिची भूक, तिचं बी.पी., सगळं कागदावर लिहिलं जायचं. शेजारच्या खुर्चीवर मी बसलेली असे, रात्री दोन-दोन तास झोपून आलेली, हातावर चावल्याचा व्रण. त्या चार वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही, की बाई, तुम्हाला झोप लागते का?

नमस्कार.