कॉम्प्युटर मंदावलाय? आधी निदान, मग खर्च

नमस्कार श्रोतेहो.

घरातला कॉम्प्युटर मंदावला की दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "फॉरमॅट मारून टाका." दुसरा, "जुना झाला, नवीन घ्या." सल्ला देणाऱ्यानं बहुतेक वेळा मशीनकडे नीट पाहिलेलंही नसतं. मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायला आलोय. आधी निदान, मग खर्च. पुन्हा सांगतो, आधी निदान, मग खर्च.

पहिलं काम, रीस्टार्ट. तुम्ही म्हणाल, आम्ही तर रोज रात्री बंद करूनच झोपतो. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तोच पुन्हा उचलतं. कालचा गुंता आज तसाच हजर. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. तेव्हा मशीन अडखळायला लागलं की शट डाउन नको, रीस्टार्ट.

तरीही हळूच चालतंय? मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेला प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. कॉम्प्युटर अडलेला असताना तिघांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते बघा आणि कागदावर लिहून ठेवा. हा कागद दुरुस्तीवाल्याच्या हातात दिलात तर त्याचं अर्धं काम झालं.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आजी-आजोबा काही विचारायला आले की त्यांच्या हातातला माउस ओढून घेऊ नका. त्यांना खुर्चीत बसवा, तुम्ही शेजारी उभे राहा, आणि बटण त्यांनाच दाबू द्या. दुसऱ्यानं दहा वेळा करून दाखवलेलं विसरतं, आपल्या बोटानं एकदा केलेलं राहतं. हे मला फार मनापासून वाटतं.

आता गिरगावातली एक हकीकत सांगतो. मेट्रो तीनचं खोदकाम चालू होतं तेव्हाची. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. कोकणातून मुंबईला पहिला कोण आला, कुठल्या गिरणीत लागला, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं गोळा करायचं आणि टाइप करायचं. काकांचा फोन आला, "अहो, हा सकाळी छान चालतो आणि संध्याकाळी पार बसतो. एका दुकानदारानं सांगितलं, मोडीत काढा." आवाजात काळजी होती.

मी सकाळी गेलो. मशीन झकास चालत होतं. रीस्टार्ट केलं, टास्क मॅनेजर पाहिला, व्हायरसची तपासणी केली. कुठे काही नाही. काका कानकोंडे झाले, आपण उगाच बोलावलं असं त्यांना वाटायला लागलं. मी म्हटलं, काका, तुम्ही संध्याकाळी म्हणालात ना, मी संध्याकाळी येतो.

सातच्या सुमारास पुन्हा गेलो. आता एक अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटायला वेळ लागत होता. टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ठीक, डिस्कवरही ताण नाही. सीपीयूच्या आलेखाखाली स्पीड असा एक आकडा असतो. सकाळी तो ३ गिगाहर्ट्झच्या वर होता, आता १ च्याही खाली आलेला. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. मी विचारलं, "काका, सीपीयूचा डबा कुठे आहे?"

डबा होता देवघराखालच्या लाकडी कपाटात. दिवसभर कपाटाचं दार उघडं असायचं. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी खालचा वायरींचा पसारा दिसू नये म्हणून काकू दार लोटून घ्यायच्या. आणि काका लिहायला बसायचे ते दिवेलागणीनंतरच. मी दार उघडलं तशी आतून गरम हवेची झळ तोंडावर आली. काकू चटकन म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे मीच का त्याला कोंडत होते!"

दार हे अर्धंच कारण होतं. स्विच बंद केला, प्लग काढला आणि डबा गॅलरीत आणून बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवर एक पंखा असतो आणि पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. पंखा वरून स्वच्छ दिसत होता, फिरतही होता. तो सोडवून उचलला, तर पट्ट्यांवर गोधडीच्या तुकड्यासारखा जाड, राखाडी थर, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. रस्त्याची धूळ, त्यात समईच्या तेलाचा आणि उदबत्तीच्या धुराचा चिकटा. पंखा हवा ढकलत होता, पण ती पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हती.

मऊ ब्रशनं थर काढला, मग ब्लोअरनं फुंकलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं लागतं, नाहीतर तो भलत्याच वेगानं फिरून खराब होऊ शकतो. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट जुनी होऊन, वाळून खडखडीत झाली होती. ती पुसून नवी लावली, मटारच्या दाण्याएवढी. नव्या भागाचा खर्च म्हणाल तर त्या पेस्टची एक छोटी ट्यूब. डबा कपाटातून काढून टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून थोडा उंच ठेवला. मशीन सुरू केलं, काका लिहायला बसले, आणि साडेआठ वाजले तरी तो स्पीडचा आकडा खाली आला नाही. काकांनी पणजोबांचं अख्खं पान माझ्यासमोर टाइप केलं. मोडीत निघालेल्या मशीनवर! कुलवृत्तांत पुढे पूर्ण झाला, त्याची एक प्रत माझ्या घरी आहे. प्रत्येक घरानं असा वृत्तांत लिहायला हवा, आणि जुनी माणसं बोलती आहेत तोवर लिहायला हवा.

मुंबईत समोर कुठेतरी बांधकाम चालू असतंच, त्यात समुद्राची दमट हवा. डब्याला शिवून घेतलेलं कव्हर असेल तर मशीन चालू असताना ते काढून ठेवा. डबा भिंतीला चिकटवू नका. आणि पॉवर सप्लायची पेटी घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. कधीही उघडू नका.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगतो. कागदावर डिस्क शंभर टक्के लिहिलंत आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणची माहिती उचलते. एसएसडी हजारो ठिकाणची उचलते. जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. मेमरी भरलेली आढळली आणि रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ करा. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्स आहेत, तिथली नको ती बंद करा. दोन-दोन अँटिव्हायरस ठेवू नका, विंडोजचा स्वतःचा पुरतो. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला हे सगळे सुटे भाग मिळतात. जाताना जुन्या रॅमची पट्टी सोबत न्या, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला. मशीन वेगानं चालत असलं तरी बँकेचे व्यवहार त्यावर करत असाल तर पुढची सोय बघायला हवी.

आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी, माझ्यासारख्याला बोलवायच्याही आधी, फोटो, कागदपत्रं, सोसायटीचे हिशेब, जे काही परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहा, आणि मगच ती डिस्क कपाटात ठेवा.

नमस्कार.