पापुद्रा काढलास का?

नमस्कार श्रोतेहो. आज अनियन रिंग. हॉटेलात मिळतात तशा, बाहेरून कुरकुरीत, आत कांदा मऊ, आणि त्याही घरच्या कढईत.

कांद्यात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. पुढचा सगळा खटाटोप या पाण्यापायी आहे. कांदा तेलात पडला की पाण्याची वाफ होते. ती बाहेर पडली तर आवरण कुरकुरीत, आत कोंडली तर लिबलिबीत. म्हणून कांद्याचा पापुद्रा काढायचा आणि भिजवलेलं पीठ गार ठेवायचं. पुन्हा सांगते, पापुद्रा काढायचा, पीठ गार ठेवायचं.

पापुद्रा कुठला, हे समजावण्याऐवजी मावशीचा किस्साच सांगते. आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे, आता ऐकून घ्यायला तुम्हीच उरलात.

आम्ही सगळे एका मोठ्याशा रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. मोठंसं म्हणजे उजेड कमी असलेलं. बिल वाढत जातं तसा दिवा मंद का होत जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. मेन्यू वाचायला मोबाइलची बॅटरी लावायची आणि पुढ्यात काय आलंय ते चाचपून ओळखायचं. खाण्याची निम्मी मजा डोळ्यांची असते हो! असो.

मावशीने अनियन रिंग मागवल्या. तिथल्या तिला फार आवडायच्या. सगळ्या एका मापाच्या, दाताखाली बरोबर तुटणाऱ्या. त्या दिवशी मात्र तिने पहिला घास घेतला आणि आतला कांदा अख्खाच्या अख्खा सुळकन बाहेर आला. कांदा हनुवटीवर लोंबतोय आणि हातात नुसतं पोकळ वेटोळं. तो गरम कांदा कसाबसा गिळून मावशी म्हणाली, ‘साप गेला, कात राहिली.’

वेटर आला, त्याच्यामागून मॅनेजर. ‘मॅडम, दुसरी प्लेट देतो.’

‘प्लेट नको. तळणाऱ्याला बोलवा.’

काकांनी मेन्यूकार्डाआड तोंड लपवलं. तळणारा आला. तरुण पोरगा, एप्रनला हात पुसत, चेहरा पडलेला. मावशीने विचारलं, ‘बाळा, पापुद्रा काढलास का?’

‘कुठला पापुद्रा?’

‘एक कांदा घेऊन ये.’

आणि तो खरंच घेऊन आला! मावशीने टेबलावरच चकती कापली, कडी सुटी केली, आणि एका कड्याच्या आतल्या अंगाला नख लावून ओढलं. पातळ, पारदर्शक पापुद्रा सरसर निघून आला. तो मोबाइलच्या उजेडात धरून म्हणते, ‘हा बघ. गुळगुळीत, म्हणून पीठ धरत नाही. आणि चिवट, म्हणून दाताने तुटत नाही. मग कांदा सगळाच ओढला जातो.’

पोरगा हसला. म्हणाला, ‘आजी, एरवी आम्ही कांदा कापतच नाही. फ्रोझन रिंग येतात. आज संपल्या, म्हणून मी कापल्या.’ वर हेही सांगितलं की, त्या चकत्या नसतातच. कांदा बारीक चिरून त्याला गोल आकार देतात.

खरंच आहे ते. सगळ्याच नव्हे, पण पुष्कळशा तयार रिंग अशाच असतात. चिरलेल्या कांद्यात अल्जिनेट घालतात. हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ कॅल्शियमशी संबंध आला की घट्ट होतो. म्हणून रिंग एकाच मापाच्या, आणि ओढला जाईल असा अख्खा कांदा आत नसतोच.

इतकी वर्षं जिची तारीफ केली ती रिंग कांद्याची चकतीच नव्हती, हे मावशीला जास्त लागलं की ‘आजी’, हे तिने अजून सांगितलेलं नाही. पण गप्प बसेल ती मावशी कसली! ‘बरं, पीठ कशात भिजवलंस?’ ‘गार सोड्यात. भांडं बर्फावर ठेवून.’ ‘दाखव.’ आणि उठून त्याच्याबरोबर थेट आत. आमचं जेवण गार होऊन गेलं. आइस्क्रीम आलं तेव्हा ती बाहेर आली, पदराला मैदा लागलेला.

तर कृती. मोठे कांदे, साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. कडी सुटी करून पापुद्रा काढायचा. निघत नसेल तर कडी फ्रीझरमध्ये गोठवून मग बाहेर काढा. बर्फाच्या कणांनी कांद्याच्या पेशी फाटतात, कांदा मऊ पडतो आणि पापुद्रा सहज सुटतो. मग कडी फडक्याने कोरडी करून कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायची.

पिठाला एक वाटी मैदा, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ. गार सोडा वॉटर अगदी आयत्या वेळी, साधारण वाटीभर, अंदाज घेत. घोटत बसू नका. बारीक गाठी राहिल्या तर राहू द्या. गार पिठात आणि कमी ढवळण्यात मैद्याचा चिकटपणा वाढत नाही. कॉर्नफ्लोअरमध्ये तो मुळातच नसतो. सोड्यातला वायूही गारव्यात टिकतो, तेलात पडल्यावर फुलतो आणि आवरण हलकं होतं. म्हणून म्हणते, पीठ गार, अगदी गार.

तेल १८० अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो लगेच फसफसत वर यायला हवा. एका वेळी चार-पाचच रिंग सोडा. गर्दी केली की तेल थंडावतं आणि रिंग तेल पितात. दोन-तीन मिनिटांत सोनेरी होतात.

बाहेर काढल्या की कागदावर पसरू नका, जाळीवर ठेवा. कागदावर खालची वाफ अडते आणि तेवढी बाजू ओलसर होते. मीठ भुरभुरायचं तर तेव्हाच, गरम असताना. सॉस वेगळ्या वाटीत द्या. एवढ्या कष्टाने कुरकुरीत केलेल्या गोष्टीवर केचप ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पुढच्या वेळी बोलावत नाही.

उरल्या तर ओव्हनमध्ये जाळीवर गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको. नमस्कार.