हार्बिनला गेलात तर आधी नदीवर जा

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर स्टीलची बादली.]

नमस्कार मंडळी. ही आपल्या घरातली साधी बादली. ही पाण्याने भरून उणे 20 अंशांच्या थंडीत रात्री अंगणात ठेवली, तर काही तासांनी काय होईल? सगळं पाणी दगडासारखं गोठेल असं वाटतं ना? पण थंडी बाहेरून आत शिरते. आधी कडेचं आणि वरचं पाणी गोठतं, मधलं पाणीच राहतं. नेमक्या त्या वेळी बादली उपडी करायची, बर्फाला एक भोक पाडायचं, आतलं पाणी ओतून द्यायचं आणि त्या पोकळीत दिवा ठेवायचा. झाला बर्फाचा कंदील!

चीनच्या ईशान्य कोपऱ्यात, हेइलोंगजियांग प्रांतात, लोक असे कंदील करायचे. 1963 मध्ये हार्बिन शहराने झाओलिन बागेत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरवलं. 1985 पासून 5 जानेवारीला हिवाळी महोत्सव सुरू व्हायला लागला. आणि रील्समध्ये तुम्ही जे रंगीत बर्फाचे महाल बघता ना, ती मोठी बर्फनगरी 1999 च्या हिवाळ्यापासूनची.

आता माझं सांगणं एवढंच आहे, की हार्बिनला गेलात तर महाल नंतर बघा. आधी नदीवर जा.

[दृश्य: गोठलेली नदी, सकाळ]

ही सोंगहुआ नदी. डिसेंबरात इतकी घट्ट गोठते की तिच्यावर माणसं उतरतात आणि करवतीने बर्फाच्या लाद्या कापतात. एकेक लादी शेकडो किलोंची. ती पाण्यातून वर ओढतात, ट्रकमध्ये भरतात, आणि त्यातूनच महाल उभा राहतो. लाद्या जोडायला काय वापरतात? पाणी! दोन लाद्यांच्या मध्ये पाणी ओतलं की ते गोठतं आणि सांधा पक्का होतो. एलईडी दिवे भिंतीच्या आत बसवतात, म्हणून तो प्रकाश बर्फातूनच उगवल्यासारखा दिसतो.

मी नदीवर पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. श्वास घेतला की नाकातले केस कडक होत होते, अगदी टोचत होते. आणि समोर साठीच्या घरातले तीन काका चक्क भोवरा खेळत होते. आपल्यासारखी जाळी गुंडाळून फेकायचा भोवरा नाही हं. मुठीएवढा जड भोवरा बर्फावर फिरवायचा आणि चाबकाने फटके मारत तो फिरता ठेवायचा. फट्! फट्! आवाज या काठापासून त्या काठापर्यंत जायचा. एकाने चाबूक माझ्या हातात दिला. माझ्या तिसऱ्या फटक्याला भोवरा आडवा झाला, तर त्यांनी वाकून तो पुन्हा उभा केला आणि हाताने खूण केली, मार! या शहराची थंडीशी दोस्ती आहे, हे मला तिथे कळलं. नंतर महालाची भिंत बघताना ती नुसती सजावट वाटत नाही. पायाखालची नदीच उभी केलेली दिसते.

आता, इतकी थंडी का? हार्बिन जवळपास इटलीतल्या व्हेनिसच्या अक्षांशावर आहे. मग व्हेनिसमध्ये होड्या चालतात आणि इथे नदीवर माणसं चालतात, हे कसं? आपल्या मान्सूनची ही दुसरी बाजू समजा. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते आणि समुद्रावरून वारे आत ओढले जातात. हिवाळ्यात उलटं होतं. सायबेरियावर थंड, जड हवा साचते आणि बाहेरच्या दिशेने वाहायला लागते. आपल्यासमोर हिमालय आडवा उभा आहे, म्हणून वेण्णा लेकवर दव गोठलं तरी आपल्याकडे बातमी होते. हार्बिनला अशी भिंत नाही. जानेवारीत रात्री पारा उणे 25 च्याही खाली जातो.

[दृश्य: दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना युरोपीय धाटणीच्या इमारती]

नदीवरून सरळ चालत आत आलात की झोंगयांग दाजिए, म्हणजे मध्यवर्ती रस्ता. पायाखालचे ग्रॅनाइटचे दगड 1924 साली बसवलेले, पावाच्या लादीसारखे गोलसर. या इमारती रशियन वाटतात, कारण 1898 मध्ये रशियाने इथून रेल्वे टाकायला घेतली आणि गाव वाढून शहर झालं. जवळच हिरव्या घुमटाचं सेंट सोफिया चर्च आहे, आताची इमारत 1932 ची. या रस्त्यावर लोक उणे 20 मध्ये आइस्क्रीम खातात. खाऊन बघा, वितळत नाही, घाई नाही!

शाकाहारी मंडळींनी 'दी सान श्यान' मागा. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, तळून परतलेली. गरम भाताबरोबर मला फार आवडली. मांस किंवा मांसाचा रस घालू नका, हे मात्र फोनवर चिनी भाषेत लिहून दाखवा.

जानेवारीत दुपारी चारलाच सूर्य मावळतो. म्हणून बर्फनगरीत तीनच्या आत पोचा. उन्हात बर्फ निळसर, पारदर्शक दिसतो, आतले बुडबुडे मोजता येतात. मग दिवे लागतात आणि सगळं रंगून जातं. बहुतेक लोक फक्त रात्रीचं बघतात, मला सकाळच्या नदीइतकाच तो पाऊण तास महत्त्वाचा वाटला.

कपड्यांचं सांगते. एकच जाडजूड जॅकेट नको, थरावर थर घाला, कारण आत हीटिंगमुळे चांगलं गरम असतं. अंगाला सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. फोन आतल्या खिशात. माझा फोन 60 टक्क्यांवरून एकदम बंद पडला होता, छातीशी धरून गरम केल्यावर परत चालू झाला. कॅमेरा आत नेताना आधी बॅगेत बंद करा, नाहीतर काचेवर पाणी धरतं.

एक दिवस पिंगफांगसाठी ठेवा. शहराच्या दक्षिणेला, जपानी सैन्याच्या 731 क्रमांकाच्या तुकडीने 1945 पर्यंत जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. पळून जाताना त्यांनी इमारती उडवून दिल्या, तरी बॉयलरच्या चिमण्या अजून उभ्या आहेत. तिथे संग्रहालय आहे. मी तिथे चित्रीकरण केलं नाही. लहान मुलांना नेऊ नका, पण तुम्ही जा.

[कॅमेऱ्यासमोर. काचेच्या बाऊलमध्ये पाणी.]

आणि शेवटच्या संध्याकाळी गोठलेलं नाशपाती घ्या. बाहेरून काळंकुट्ट, हातात दगड. हॉटेलवर येऊन ते असं गार पाण्यात टाकायचं. गरम नाही, गारच. आतलं फळ इतकं थंड असतं की ते वितळायला लागताना भोवतीचं पाणीच त्याच्यावर गोठतं आणि बर्फाचं कवच तयार होतं. कवच टिचकीने फोडायचं, फळाला एक छोटं छिद्र पाडायचं आणि रस ओढून घ्यायचा.