जन्मानंतर मागे पडणारे हिमोग्लोबिन

सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलताना आपण सहसा एका चुकीच्या अमिनो आम्लापाशी थांबतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीने सरकते हे दाखवले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी या फरकाचे कारण शोधले, ते म्हणजे हिमोग्लोबिन ज्या प्रथिन-साखळ्यांनी बनते त्यांपैकी बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी आलेले व्हॅलीन. मात्र आई आणि वडील दोघांकडून हाच दोष आलेल्या सख्ख्या भावंडांपैकी एकाला हाडे ठणकतात म्हणून वारंवार दवाखान्यात दाखल करावे लागते आणि दुसऱ्याची शाळा फारशी बुडत नाही, असे का घडते, याचे उत्तर त्या एका बदलात सापडत नाही. माझ्या मते या विषयातले सर्वांत फलदायी संशोधन याच प्रश्नाच्या मागे लागून झाले आहे.

त्याचा पहिला धागा १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या हाती लागला. हा आजार असलेल्या नवजात बाळांना सुरुवातीला त्रास होत नाही, हे पाहून त्यांनी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन या बाळांचे रक्षण करीत असावे असा तर्क केला. या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत त्यांची निर्मिती बहुतांशी थांबते, बीटा साखळ्या त्यांची जागा घेतात, आणि मग पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात. काहींच्या शरीरात मात्र गॅमा साखळ्या मोठेपणीही बऱ्यापैकी तयार होत राहतात. भारतातील अनेक सिकलसेल रुग्णांमध्ये हे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळते. त्यावरून आपल्याकडचा आजार सौम्यच असतो असे काही काळ मानले गेले. विदर्भातील रुग्णांचा अनुभव या समजुतीला पुरता दुजोरा देत नाही.

हे प्रमाण कोण ठरवते? रक्तविकारांच्या संशोधक स्वी ले थेन यांनी याचा शोध घेताना भारतीय वंशाच्या एका विस्तृत कुटुंबाचा अभ्यास केला. त्या कुटुंबात बीटा थॅलेसेमिया (बीटा साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक विकार) आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे वाढीव प्रमाण या दोन्ही गोष्टी वारशाने येत होत्या. परंतु एकमेकींपासून स्वतंत्रपणे. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. वाढीव प्रमाणाचा गुण त्याच्याशी बांधलेला नव्हता, आणि १९९६ मध्ये त्याचा ठावठिकाणा थेट सहाव्या गुणसूत्रावर लागला. आणखी एक जागा, याहून महत्त्वाची, २००७ मध्ये थेन यांच्याच गटाला क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर सापडली: बीसीएल-११-ए नावाचे जनुक. हे जनुक तोवर पांढऱ्या पेशींच्या संदर्भात परिचित होते, त्यामुळे त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध असेल असे सहजी कुणाच्या मनात आले नसते.

बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन यांनी २००८ मध्ये दाखवले की या जनुकापासून बनणारे प्रथिन गॅमा साखळीचे जनुक दाबून ठेवते. तीन वर्षांनी सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींतून ते काढून टाकले असता आजाराची लक्षणे मावळली. तरीही माणसात ते सरसकट काढता येत नव्हते, कारण मेंदूच्या वाढीला आणि रोगप्रतिकार करणाऱ्या बी-लसिका पेशींनाही त्याची गरज असते. २०१३ मध्ये याच जनुकाच्या आत डीएनएचा एक छोटा पट्टा सापडला, जो या जनुकाला केवळ तांबड्या पेशींच्या वंशात चालना देतो. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी बाहेर काढून त्यांतला हा पट्टा क्रिस्पर या जनुक-कापणीच्या तंत्राने तोडायचा आणि त्या पेशी परत द्यायच्या, या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२४ चा जीवविज्ञानातील शॉ पुरस्कार थेन आणि ऑर्किन यांना विभागून देण्यात आला.

अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. शिवाय आधी तीव्र केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी करावी लागते. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या रुग्णासाठी आज उपयोगाची आहे ती हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी, जी दुसऱ्या वाटेने, पुष्कळ रुग्णांत, तेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. बीसीएल-११-ए प्रथिनालाच निष्प्रभ करणारी गोळी बनवण्याचे प्रयत्न सध्या अनेक ठिकाणी सुरू आहेत, आणि मला अधिक उत्सुकता आहे ती त्यांचीच.