भिंतीच्या पोटातलं घर

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या लातूरकरांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'लहान घर मोठं कसं वाटेल'. रंग, आरसा, दिवे, सगळं सांगणार आहे. पण आधी मला माझ्या आजीच्या घरात जाऊ द्या. आज मी लोकांची घरं सजवून देते, त्यातला निम्मा अभ्यास तिथंच झालाय.

आजीचं घर औसा तालुक्यात, माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेलं. ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या बैठकीतून, आत गेलं की ओसरी, ओसरीमागं तीन खणांचं माजघर. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच फूट. हे इथल्या आज्यांना सांगायची गरज नाही, मागं कॉलेजची मुलं बसलीत म्हणून सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या माजघरात आम्ही अकरा जणं झोपायचो. आणि सकाळी सातला खोली अशी रिकामी व्हायची की पोरांनी आत गजगे खेळावेत. वाकळा दांडीवर, लुगडी वलणीवर, दही शिंक्यात, कंदील खुंटीला, कुंकवाचा करंडा देवळीत म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, पितळी डबे फडताळात म्हणजे भिंतीतल्या फळ्यांवर. आणि वर्षाची ज्वारी? ती भिंतीच्या आत, बळदात. वरून ओतायची आणि खालचा बोळा काढला की हवी तेवढी बाहेर. मी त्या भोकात कोपरापर्यंत हात घालून बसायची. भर मे महिन्यात आतली ज्वारी गार लागायची. जमिनीवर काय होतं? एक जातं. वर माळवदाला सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा आणि दिवसभर भुईवरून सरकत जायचा. तो सरकायला जागा होती, हे लक्षात घ्या.

हे सगळं भिंत अडीच फूट जाड होती म्हणून जमायचं.

आणि त्याच भिंतींनी आपली माणसं नेली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप आला. मातीत बसवलेले गोटे, वर माळवदाचा मणामणाचा भार. या सभागृहात असे लोक आहेत ज्यांना याहून जास्त सांगायला नको. म्हणून कुणी माझं बोलणं ऐकून 'चला, जुने वाडे बांधू' म्हणालं, तर मी हात जोडून नको म्हणेन. पातळ विटांची, सिमेंटची, लोखंडी सळ्यांनी बांधलेली भिंत आली ते बरंच झालं.

पण त्यात एक गोष्ट घडली, तिकडं कुणी पाहिलं नाही. भिंत पातळ झाली आणि भिंतीच्या पोटातलं सगळं सामान जमिनीवर आलं. बळदातली ज्वारी पत्र्याच्या कोठीत आली, कोठीला दोन फूट जागा. फडताळाचं कपाट झालं, देवळीचं टेबल झालं, दांडीचा दिवाण झाला. घरकुलाचा नियम किमान २५ चौरस मीटरचा, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढी जागा आजीच्या माजघराहून कमी नाही. तरी त्यात चौघांचा जीव गुदमरतो, कारण जमीन सामानानं व्यापलीय.

आता सोफ्यावर येते. मला यावर बोलायचंच आहे, आयोजकांनी रागावू नये. लेकीला लग्नात सोफासेट द्यायचा ही रीत कुणी पाडली? बाप कर्ज काढून देतो. मी परवा एका घरी गेले, दहा बाय बाराचा हॉल, १२० चौरस फूट. मी टेप काढला. मोठा सोफा साडेसहा बाय तीन, साडेएकोणीस फूट. दोन खुर्च्यांचे अठरा. टीपॉयचे आठ. शोकेसचे नऊ. तीन फुटी दार आत उघडतं, ते सात फूट जागा झाडून नेतं. म्हणजे हॉलचा निम्म्याहून जास्त भाग गेला. आणि सोफ्यावर कोण बसलं होतं? इस्त्रीचे कपडे! घरातली सासूबाई खाली चटईवर, सोफ्याला पाठ लावून शेंगा फोडत होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, उचला हो हे, मला पाय पसरायला जागा करून द्या." मंडळी, जागा म्हणजे काय याचं उत्तर मला त्या माउलीनं दिलं. तिथं आम्ही सोफा काढून भिंतीला धरून सोळा इंच उंच, दोन फूट रुंद बाक केला, आत वाकळा आणि गाद्या. दोन आठवड्यांनी गेले तर नातू हॉलमध्ये भोवरा फिरवत होता.

दुसरी तक्रार कूलरची. मार्चमध्ये तो खिडकीत बसतो, ते बरोबर आहे, आपल्याकडं पारा चाळीशी ओलांडतो. पण पावसाळा आला, थंडी आली, तरी तो प्लॅस्टिक गुंडाळून तिथंच! घरातली एकच खिडकी, तीही बारा महिने बंद. जुलैत कूलर उतरवा, घर त्याच दिवशी उजळेल.

आणि पाणी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपलं शहर. पिंप ठेवू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण दोनशे लिटरचं एक पिंप दोन फूट बाय दोन फूट खातं. ते स्वयंपाकघरातून काढून जिन्याखाली, मागच्या दारी न्या. न्हाणीच्या स्लॅबवर टाकी चढवायची असेल तर इंजिनिअरला विचारूनच, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. रंगाचं भराभर सांगते. भिंत आणि छत एकाच फिक्या रंगात घ्या, कोपरे दिसेनासे होतात. फरशी सगळ्या घरात एकच, मोठ्या मापाची, सांधे कमी. पीओपीचं खोटं छत दहा फुटांच्या खाली असलेल्या खोलीत करूच नका, उंची हीच आपली शिल्लक. आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीसमोर. पश्चिमेच्या समोर लावाल तर दुपारचं ऊन दुप्पट घरात घ्याल. एका ट्यूबलाइटऐवजी कोपऱ्यांत दोन-तीन छोटे दिवे. पडदा छतापासून जमिनीपर्यंत सोडा. पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत नजर आणि वारा सरळ गेला पाहिजे, मधे काही ठेवू नका. आतली दारं सरकती केलीत तर दर दारामागं ते सात फूट परत मिळतात.

आणि नवी देवळी करा: दारांच्या वरून भिंतीभर नऊ इंच खोल फळी, खाली खुंट्यांची पट्टी. पण पलंगाच्या वर फळी नको, माळा नको, जड डबे नकोत. आपण कोणत्या जमिनीवर राहतो ते विसरून चालत नाही.

ज्यांनी घराचा नकाशा आणलाय त्यांनी जाऊ नका. फळ्याजवळ या, टेप माझ्या पिशवीत आहे.