चावी हातात, सही दुसऱ्याची
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: दुकानाचं मागचं दार. गाडीतून खोकी उतरतायत.]

माल आला की चलनावर सही हवी असते. गाडीवाल्याला पुढच्या ठिकाणी पोचायचं असतं, त्यामुळे तो कागद आणि पेन आधीच पुढे करतो. चलनावर 18 खोकी लिहिलीत आणि उतरलीतही 18. पण असिस्टंट मॅनेजर अजून पेन हातात घेत नाहीत. एका खोक्याभोवती त्या फिरून येतात. त्याची मूळ पट्टी फाटलेली आहे आणि तिच्यावर वेगळ्या रंगाची पट्टी मारली आहे. "हे उघडू या," त्या म्हणतात. आत 24 नग हवेत, निघतात 22.

चलनावर शेरा पडतो: दोन नग कमी, खोकं आधीच उघडलेलं. खाली तारीख, वेळ, गाडीवाल्याची सही आणि मग यांची.

एवढ्याशा कामाला फार तर दोन मिनिटं लागतात. हा शेरा राहून गेला असता, तर ते दोन नग दुकानाला मिळाले असं कागदोपत्री ठरलं असतं. त्यांचं बिल भरलं गेलं असतं. काही महिन्यांनी पूर्ण मालाची मोजणी झाली की दोन नगांची तूट निघाली असती आणि मग संशय दुकानातल्याच कुणावर तरी गेला असता. मालाची तूट म्हटलं की चोरीच आठवते. पण तुटीची सुरुवात पुष्कळदा इथे, मागच्या दारात, घाईने केलेल्या सहीतून होते.

[दृश्य: दुकानाची आतली बाजू. रॅकच्या दोन-तीन ओळी, एक काउंटर.]

दुकान छोटं आहे. एक मॅनेजर, एक असिस्टंट मॅनेजर आणि पाळीप्रमाणे येणारी मोजकी माणसं. मोठ्या दुकानात माल घ्यायला एक विभाग, हिशोबाला दुसरा, माणसांच्या वेळापत्रकाला तिसरा असतो. इथे हे सगळं एका माणसाकडे येतं आणि शिवाय गर्दी झाली की काउंटरवरही तोच उभा राहतो.

मॅनेजर सुट्टीवर असतात, बैठकीला जातात किंवा त्यांची पाळी संपते. तेव्हा शटरची चावी, तिजोरीची चावी आणि अलार्मचा नंबर असिस्टंट मॅनेजरकडे असतो. काही बिघडलं तर जबाब त्यांनाच द्यायचा. मात्र भाव त्यांनी ठरवलेले नसतात, माणसं त्यांनी नेमलेली नसतात, कुठला माल ठेवायचा हेही वरून ठरून येतं. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा, अशी ही जागा आहे. या जागेवर माणूस कसा उभा राहतो, ते पाहायला आम्ही इथे आलो.

[दृश्य: रॅक भरणं. हात मागपर्यंत जातो, जुना नग पुढे येतो.]

गिऱ्हाइकाने आपल्या हाताने वस्तू उचलायची, ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी काउंटरपलीकडचा नोकर मागणी ऐकून माल काढून द्यायचा. 1916 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. तिथे लोकांनी स्वतः रॅकमधून फिरायचं, हवं ते घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. तेव्हापासून रॅक कसा दिसतो हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं. कुठली वस्तू कोणत्या फळीवर, किती रुंदीत, कशाच्या शेजारी, याचा नकाशा दुकानाला पाठवला जातो. तो फळीवर उतरवायचा आणि दिवसभर तसाच राखायचा, हे असिस्टंट मॅनेजरकडे. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नवं मागे. हे सांगायला एक वाक्य पुरतं. पण नवा मुलगा घाईत असला की नवा माल सरळ पुढेच लावतो. म्हणून पहिले काही दिवस त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर भरावं लागतं.

असं का करायचं, हे त्याला आकड्यांतून दाखवलं की ते पटकन पटतं. समजा, एखाद्या वस्तूच्या विक्रीचे 100 भाग केले आणि त्यातले 80 खरेदीत गेले, तर दुकानाकडे 20 उरतात. त्यातूनच भाडं, वीज आणि पगार निघतो. आता मुदत संपली म्हणून एक नग फेकावा लागला तर 80 बुडाले. ते भरून काढायला त्याच वस्तूचे आणखी 4 नग विकले पाहिजेत. उरणारे भाग 10 च असले, तर 9 नग. हे एकदा कळलं की तो मुलगा फळीच्या मागे हात घालून तारखा बघायला लागतो.

[दृश्य: संगणकाचा पडदा. आकड्यांची यादी.]

"मॅडम, सिस्टीममध्ये 4 दाखवतंय, पण फळीवर एकही नाही. मागच्या खोलीतही नाही."

हे वाक्य छोट्या दुकानात वरचेवर ऐकू येतं आणि त्यामागची गोष्ट जरा सावकाश सांगावीशी वाटते.

दुकानातल्या मालावरच्या 'यूपीसी' या प्रकारच्या बारकोडचा पहिला व्यापारी वापर 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये झाला. स्कॅन झालेली वस्तू होती च्युइंगमचं पाकीट. आज सर्रास दिसणाऱ्या 13 आकडी कोडमध्ये शेवटचा आकडा आधीच्या 12 आकड्यांवरून हिशोबाने काढलेला असतो. त्यामुळे कोड हाताने टाकताना एक आकडा चुकला, तर यंत्र तो घेत नाही. ही सोय खरोखर बिनतोड आहे. पण बारकोड वस्तूचा प्रकार ओळखतो. माणसाने काय केलं ते त्याला कळत नाही.

गिऱ्हाइकाने एकाच साबणाच्या तीन वेगळ्या सुगंधांच्या वड्या आणल्या. किंमत सारखी. मागे रांग. काउंटरवरची मुलगी एकच वडी स्कॅन करते आणि नग 3 टाकते. बिल बरोबर येतं, पैसे बरोबर येतात, गिऱ्हाईक समाधानाने जातं. पण हिशोबात एका सुगंधाच्या तीन वड्या गेल्या आणि बाकीच्या दोन सुगंधांची एकही गेली नाही. असं होत होत एका सुगंधाचा साठा कागदावर कमी दिसतो म्हणून तो गरजेपेक्षा जास्त मागवला जातो. दुसऱ्याचा कागदावर 4 राहतो आणि फळीवर शून्य. साठा 3 वर आला की आपोआप मागणी जाणार, असं ठरवलेलं असतं. पण नसलेली वस्तू विकली जात नाही, त्यामुळे 4 चे 3 कधी होतच नाहीत. मागणी जात नाही. गिऱ्हाईक दोनदा रिकामी जागा बघतं आणि तिसऱ्यांदा दुसरीकडे जातं.

हे शोधायची रीत साधी आहे. शिल्लक दिसतेय पण विक्री अचानक थांबलीय, अशा वस्तूंची यादी काढायची आणि ती हातात घेऊन फळीसमोर उभं राहायचं. असिस्टंट मॅनेजर रोज सकाळी थोड्या वस्तू घेऊन हे करतात. वर्षातून एकदा सगळं दुकान मोजण्यापेक्षा रोज थोडं मोजलेलं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं, कारण चूक ताजी असते आणि ती कशी झाली हे अजून कुणाच्या तरी लक्षात असतं.

साठ्याचा आकडा दुरुस्त करायला मात्र मॅनेजरची मंजुरी लागते. चूक यांनी शोधली, कारण यांनी लिहिलं आणि आकडा बदलला दुसऱ्याच्या सहीने.

[दृश्य: शटर अर्धं खाली. गल्ला उघडा, नोटांच्या चळती.]

आता गल्ला.

दुकानातली सगळ्यात जुनी शंका इथे राहते. अमेरिकेतल्या डेटन शहरात मद्यालय चालवणारे जेम्स रिटी नोकर पैसे खिशात घालतात म्हणून हैराण झाले होते. 1879 मध्ये त्यांनी भावाबरोबर विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या यंत्राला पैशांचा खणही नव्हता. घड्याळासारख्या तबकडीवर रक्कम दिसायची, बस. खण नंतर आला. म्हणजे रोकड नोंदवणारं यंत्र जन्मालाच अविश्वासातून आलं. ते वापरणाऱ्या माणसांना मात्र रोज एकमेकांवर विश्वास ठेवून काम करायचं असतं.

रात्रीचा हिशोब असा: सकाळी गल्ल्यात ठेवलेली रक्कम, अधिक रोख विक्री, वजा रोख परतावे, वजा किरकोळ खर्च. जी रक्कम येईल तितकी गल्ल्यात हवी. नोटा दोघांनी मोजायच्या. काउंटरवर जी होती ती आणि असिस्टंट मॅनेजर. आज 27 कमी येतात.

मुलीचा चेहरा उतरतो. असिस्टंट मॅनेजर पुन्हा मोजतात, सावकाश, तिच्या समोर. पुन्हा 27.

27 ला 9 ने भाग जातो. हिशोबात दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी 9 च्या पटीत येतो, ही हिशोबनिसांची जुनी खूण. म्हणून आधी खर्चाच्या पावत्या काढल्या जातात. तिसरी पावती 63 ची आहे आणि वहीत लिहिलंय 36. तूट सापडली.

दुसरीही एक खूण आहे. फरक सम आकडा असेल तर तो निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. पैसे परत दिलेले असताना नोंद विक्री म्हणून झाली, तर तूट दुप्पट दिसते. या खुणा कुठे बघायचं एवढंच सांगतात, कशाचाही पुरावा होत नाहीत. कधी कधी काहीच सापडत नाही आणि तूट तूट म्हणूनच लिहावी लागते.

पण आम्हाला या प्रसंगात आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटलं ते असिस्टंट मॅनेजरांचं पहिलं वाक्य. "चल, दोघी मिळून बघू." कुठे गेले पैसे, असं त्यांनी विचारलं नाही. तसा प्रश्न एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी चूक झाली की सांगणार नाही, पदरचे घालून गल्ला जुळवेल. आणि रोज तंतोतंत जुळणारा गल्ला हा कधीमधी चुकणाऱ्या गल्ल्यापेक्षा जास्त काळजीचा असतो.

[दृश्य: भिंतीवर पाळ्यांचं वेळापत्रक. खोडलेली नावं.]

या पदावर माणूस बहुतेक वेळा आतूनच येतो. काल जे बरोबर डबा खायचे, एकमेकांची पाळी सांभाळून घ्यायचे, त्यांनाच आज रविवारची पाळी लावायची असते. सगळ्यात अवघड भाग हाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. माल मोजायला शिकता येतो. मैत्रिणीला 'या वेळी रजा नाही' हे तोंडावर सांगणं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी तितक्याच मोकळेपणाने बोलणं, हे कुठल्या प्रशिक्षणात येत नाही.

इथल्या असिस्टंट मॅनेजरांनी एक पद्धत ठेवली आहे. कुणाला नकोशी पाळी किती वेळा लागली, याची नोंद वेळापत्रकाखालीच असते, सगळ्यांना दिसेल अशी. त्यांचं स्वतःचं नावही त्याच यादीत आहे. तक्रार होतेच. पण ती नोंदीवर बोट ठेवून होते, कुजबुजीत नाही.

[दृश्य: काउंटर. गिऱ्हाईक हातात पिशवी आणि बिल घेऊन उभं.]

"मॅनेजरला बोलवा!"

दुकानात आवाज चढला की हे वाक्य येतं आणि समोर येतात त्या असिस्टंट मॅनेजर. वस्तू परत करायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली आहे. वस्तू न वापरलेली, बिल जवळ आहे, गिऱ्हाईक नेहमीचं आहे. नियम म्हणतो नाही. काउंटरवरच्या मुलीने नियमाप्रमाणे नाहीच म्हटलंय. आता असिस्टंट मॅनेजरनी हो म्हटलं, तर मुलगी सगळ्यांसमोर खोटी पडते. नाही म्हटलं, तर नेहमीचं गिऱ्हाईक दुखावतं. आणि मॅनेजरला फोन लावला, तर पुढच्या वेळी कुणी यांच्याशी बोलणारच नाही.

त्या काय करतात ते नीट पाहण्यासारखं आहे. आधी मुलीकडे वळून म्हणतात, "तू बरोबर सांगितलंस, मुदत संपलीय." मग गिऱ्हाइकाला: "पैसे परत देता येणार नाहीत. वस्तू बदलून देते, ते माझ्या हातात आहे." बिलावर कारण लिहितात आणि खाली आपलं नाव टाकतात.

'ते माझ्या हातात आहे' हे त्या ठामपणे म्हणू शकल्या, कारण त्यांना ते लेखी मिळालेलं आहे. पुष्कळ दुकानांत असिस्टंट मॅनेजरला चावी मिळते आणि बाकी सगळं 'बघून घ्या' या दोन शब्दांत उरकलं जातं. मग निर्णय घेतला तर 'विचारलं का नाही' आणि विचारलं तर 'एवढंही जमत नाही का', अशी दोन्हीकडून बोलणी. हा अन्याय आहे, आणि तो थांबवायला एक कागद पुरतो.

या दुकानात तो कागद आहे. किती रकमेपर्यंतचा परतावा न विचारता द्यायचा, मुदत टळल्यावर किती दिवस वस्तू बदलून द्यायची, खराब झालेल्या मालावर किती सूट द्यायची, संगणक बंद पडला तर हाताने बिल कसं करायचं, रात्री अलार्म वाजला तर पहिला फोन कुणाला, हे सगळं त्यावर आहे. खाली मॅनेजरची सही. शेवटची ओळ असिस्टंट मॅनेजरांनी स्वतः मागून घेतली: त्यांनी बदलून दिलेली पाळी मॅनेजर परस्पर फिरवणार नाहीत.